झाकण वाजलं की शेपटी

प्रश्न : आमचा टिपू आधी बिस्किट तोंडात पडलं की शेपटी हलवायचा. आता बरणीचं झाकण फिरलं की नाचतो अन् बिस्किट मुकाट्यानं खातो. त्याला बिस्किटापेक्षा झाकणच आवडायला लागलं काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तुम्ही घरबसल्या जे टिपलंत, तेच मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत बारीक तारा सोडून पाहिलं. मध्यमेंदूत डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी असतात. जिभेवर अवचित रसाचा थेंब पडला की त्या तडतडायच्या. मग दर वेळी आधी खूण, नंतर रस, असा क्रम लावला. माकड शिकलं तसा तडतडाट खुणेवर सरकला. रस आला तरी पेशी आपल्या संथ लयीतच! पीटर डायान आणि रीड माँटेग्यू या संशोधकांसोबत 1997 साली त्यांनी याचा अर्थ मांडला : या पेशी अपेक्षा आणि पदरात पडलेलं यांतला फरक कळवतात.

मला आवडतो तो पुढचा भाग. खूण दिली आणि रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी पेशी क्षणभर गप्प होतात. नेमक्या वेळी, हं! म्हणजे आत कुठेतरी वेळही मोजली जाते.

आमच्या मनीची खूण म्हणजे दुधाची पिशवी कापायची कात्री. नातवानं आठवडाभर नुसतीच कात्री वाजवली, तेव्हा ती यायची थांबली. “विसरली बिचारी,” आमची ही म्हणाली. चार दिवस अमरावतीला जाऊन आलो, कात्री एकदाच वाजली आणि मनी ओट्याशी हजर. खूण मिळाली की खाण्याच्या आशेनं लाळ गाळणाऱ्या, रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांचंही असंच व्हायचं. बंद पडलेली लाळ विश्रांतीनंतर परत सुटायची. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं बसतं आणि त्याला दाबून धरतं.

टिपूच्या डोक्यात कुणी तार सोडलेली नाही, तेव्हा हा माझा अंदाजच समजा. पण बिस्किट त्याला नावडतं झालेलं नाही. चवीचं सुख बरंचसं दुसऱ्या पेशींकडे असतं. बिस्किटात आता नवल उरलं नाही, इतकंच.

उद्या झाकण न वाजवता, भलत्याच वेळी, खिशातून बिस्किट काढून द्या आणि शेपटीकडे बघा. काय झालं ते कळवा. सोबत दिवसाला किती बिस्किटं होतात तेही लिहा. टिपूच्या वजनाबद्दल मला शंका आहे.