बालकलाकारांचे पुढे वाटोळेच होते का?

आपल्या मुलीला चित्रपटात काम मिळत आहे आणि बालकलाकारांचे पुढे वाटोळे होते असे आपण ऐकले आहे, ते सरसकट खरे नाही. ‘श्यामची आई’ (1953) मधला श्याम, म्हणजे माधव वझे, पुढे पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले गेले. जिथे घडी विस्कटते तिथे माझ्या मते प्रसिद्धी ओसरण्यापेक्षा पैशाचा व्यवहारच अधिक नडतो, आणि त्यासाठी जॅकी कूगनची हकिगत जाणून घ्यावी.

चॅप्लिनच्या ‘द किड’ (1921) मध्ये दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडणारा, म्हणजे मागून येणाऱ्या चॅप्लिनला काचा बसवण्याचे काम मिळवून देणारा चिमुरडा तो हाच. लहानपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असावेत, असा अंदाज आहे. 1935 मध्ये वडील मोटार अपघातात गेले. गाडीतला एकटा जॅकी वाचला. त्याच वर्षी तो एकवीस वर्षांचा झाला, तरी ती कमाई त्याच्या हाती आली नाही, कारण अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांची, असा तेव्हा कॅलिफोर्नियाचा कायदाच होता. आईने घरच्याच आर्थिक सल्लागाराशी पुनर्विवाह केला होता. 1938 मध्ये जॅकीने त्या दोघांवर दावा लावला आणि अखेर पदरात पडले ते सुमारे 1 लाख 26 हजार डॉलर. त्या बोभाट्यामुळे 1939 मध्ये बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवायला लावणारा ‘कूगन कायदा’ झाला, जो खुद्द त्याच्या काही कामाचा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात मात्र तो ग्लायडर वैमानिक झाला आणि 1944 मध्ये आसामातून उडून रात्रीच्या अंधारात ब्रह्मदेशाच्या जंगलात सैनिक उतरवणाऱ्या मोहिमेत होता. (ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही.) पुढे ‘द ॲडम्स फॅमिली’ (1964-66) या मालिकेतला, तोंडात विजेचा दिवा धरून पेटवणारा टकलू अंकल फेस्टर म्हणून तो पुन्हा घराघरांत पोहोचला. एवढ्यावरून त्याचे वाटोळे झाले, असे मी तरी म्हणणार नाही.

आपल्याकडे बालकामगारांविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि मिळकतीचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करावा लागतो. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी ही ठेव कोणत्या बँकेत आणि कधी होणार, हे निर्मात्याकडून लेखी घ्यावे.