दोष ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो असा जुना विनोदी चित्रपट कोणता?

महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’, १९९३ चा.

ही ‘चाइल्ड्स प्ले’ची नक्कल आहे असं कुणीतरी म्हणणारच. आहेच, खोटं कशाला बोला! मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो, आणि ज्याला त्याने पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला जाता येतं, हा गाभा १९८८ च्या त्या इंग्रजी चित्रपटातून सरळ उचललाय.

पण एका बदलाने सगळा खेळच पालटला. तिकडे बाहुला लहान मुलाच्या हाती लागतो, आणि पोराच्या जिवावर बेतलं की हसू येत नाही. इकडे तो लागतो लक्ष्याच्या हाती. चांगला वाढलेला घोडा, पण डोक्यात बोलक्या बाहुल्यांचं वेड आणि काळीज सशाचं. एवढ्या मोठ्या जगात तात्या विंचूसारख्या नामचीन गुंडाला पुन्हा माणूस व्हायचं तर लक्ष्याच्याच अंगात शिरावं लागणार! मला तर कधीकधी तात्याचीच दया येते. शिवाय बाहुला बोलतो म्हणून लक्ष्याने बोंब मारली तरी ऐकणार कोण? बाहुलीवेड्याचा बाहुला बोलला, त्यात नवल ते काय!

दोष काढायला बसलात तर दमाल. पटकथा ढिली आहे. गोष्ट रंगात आली की गाणं मध्ये येतं. पोलिसांचा तपास कशावर चालतो ते मला आजवर उमगलेलं नाही. इन्स्पेक्टर झालेले कोठारे ‘डॅम इट’ म्हणतात आणि गाडी पुढे सरकते. प्रेमप्रकरणांच्या वेळी मी खुशाल उठून जातो.

आणि बाहुला? तो बाहुलाच दिसतो. रामदास पाध्यांनी केलेला, म्हणजे बोलक्या बाहुल्यांच्या घराण्यातला. त्याचा चेहरा माणसासारखा बदलत नाही. पण मला तेच आवडतं. त्या थिजलेल्या तोंडातून दिलीप प्रभावळकरांचा खरखरीत, खुनशी आवाज येतो आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे असे काही लटपटतात, की बाहुल्याने करायचा राहिलेला अभिनयसुद्धा तेच करून टाकतात. निर्जीव वस्तूला इतकं मनापासून घाबरणं सोपं नाही. बेर्डेंच्या विनोदाला नुसता आरडाओरडा म्हणणाऱ्यांनी आवाज बंद करून फक्त त्यांचे डोळे पाहावेत.

२०१३ मध्ये दुसरा भाग आला, थ्रीडीमध्ये. तंत्र सुधारलं, पण लक्ष्या नव्हता. मला तो एकदा पाहून पुरला.

पाहणार असाल तर मराठीतच पाहा. ‘खिलौना बना खलनायक’ नावाने हिंदीतही आहे, पण प्रभावळकरांच्या तोंडचं ‘ओम फट स्वाहा’ ऐकायचं सोडून तिकडे कशाला जायचं?