बारावीच्या ओसीच्या (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) पुस्तकातले प्रसंग, कृती, चौकटी, सारांश हे सगळं करायलाच हवं का? की क्लासच्या नोट्स पुरतात?

तुमची मुलगी बारावी कॉमर्सला आहे आणि क्लासच्या सरांनी ‘स्वाध्यायातले ठरावीक प्रश्न पाठ कर, प्रसंग आणि कृती सोडून दे’ असं सांगितलंय. ते ऐकावं का, असं तुम्ही विचारलंय.

ऐकू नका. प्रसंगावरच्या प्रश्नांच्या बाबतीत तर मुळीच नका.

मी २०२०-२१ ची बारावी. ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’चं नवं पुस्तक आमच्याच बॅचपासून लागू झालं. कॉलेज बंद, छापील पुस्तक हातात नाही, म्हणून बालभारतीची पीडीएफ मोबाइलवर उतरवून घेतली होती. क्लास ऑनलाइन. आमच्याही सरांनी पहिल्याच आठवड्यात हेच सांगितलं होतं. ‘घटनेचा अभ्यास करून आपले मत लिहा’ हा प्रश्न ८० पैकी ६ गुणांचा, त्याला कसली आलीय तयारी, पेपरात सुचेल ते लिहा. माझा थोरला भाऊ त्याच सरांचा जुना विद्यार्थी. तोही म्हणायचा, ओसी म्हणजे निव्वळ पाठांतर, त्यात डोकं घालणं म्हणजे वेळ घालवणं. यावरून जेवताना आमची रोज वादावादी व्हायची, आणि ‘तो करून बसलाय, त्याला माहीत आहे’ असं म्हणून आई विषय बंद करायची.

मला मात्र त्या प्रसंगांची गोडी लागली होती. चौथा पाठ व्यवसाय सेवांचा, त्यात विम्याची तत्त्वं. नुसती पाठ करायला घेतली तर विमायोग्य हित, प्रत्यासन, अंशदान हे शब्द दगडासारखे वाटतात. स्वाध्यायात कुणाचं तरी नुकसान झालेलं असतं आणि कोणतं तत्त्व लागू होतं ते ओळखायचं असतं. मी त्या माणसाच्या जागी आमच्या आप्पांना ठेवायचे. आमचं किराणा-भुसार दुकान आहे, सोलापूर जिल्ह्यात, ओढ्याच्या अंगाला. आग लागली तर? दोन कंपन्यांकडे विमा असता तर? अशी एकेका तत्त्वाची दोन-तीन उत्तरं मी वहीत लिहून ठेवली होती.

१४ ऑक्टोबर २०२०. सोलापूर जिल्ह्यातल्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. दिवसभर पाऊस, रात्री ओढ्याचं पाणी दुकानात. पहाटे शटर वर केलं तेव्हा पाणी ओसरलं होतं, पण खालच्या थरातली साखर विरघळून पोती बसली होती. गुळाच्या ढेपा, पोहे, मैदा, सगळा चिखल. वरच्या थरातला माल कोरडा होता. आप्पा पायरीवर बसून राहिले. दादा म्हणाला, “कशालाही हात लावू नका. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येईपर्यंत जसं आहे तसं राहू दे. हलवलं तर क्लेम बसणार नाही.”

आप्पांनी मान हलवली. मी म्हटलं, हे चूक आहे. हानी कमी करण्याचं तत्त्व मी आठच दिवसांपूर्वी लिहिलं होतं. विमा उतरवलाय म्हणून हात बांधून बसायचं नाही, विमा नसता तर माल वाचवायला जी धावपळ केली असती ती करायचीच. केली नाही आणि वाचू शकणारा माल गेला, तर तेवढ्या मालाची भरपाई कंपनी नाकारू शकते. दादा चिडला. “पुस्तकातलं इथं सांगू नको,” म्हणाला, सगळ्या हमालांसमोर. मला रडू आलं, पण मी हटले नाही. आधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले, भिजलेल्या मालाला धक्का न लावता त्याची मोजदाद वहीत उतरवली, विमा कंपनीला फोन लावून नोंद करून घेतली, आणि मग वरचा माल हलवायला लावला. साखरेची ११ पोती, तूरडाळीची ६. संध्याकाळी परत सर आली आणि दुकानात पुन्हा वीतभर पाणी झालं.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर आले. त्यांनी सगळ्यांत आधी विचारलं, “वाचलेला माल कुठं ठेवलाय?” दुसरा प्रश्न स्टॉकच्या रजिस्टरचा.

खरा धडा त्याच्या पुढे होता. विमा ४ लाखांचा. दुकानात त्या दिवशी माल ८ लाखांचा. नुकसान १ लाख ६० हजारांचं. दादाचा हिशेब सरळ होता. नुकसान ४ लाखांच्या आत आहे, म्हणजे पूर्ण मिळणार. मिळाले ८० हजार, त्यातूनही पॉलिसीतली वजावट (नुकसानीतला जो भाग आपणच सोसायचा असतो तो) गेली. माल वाढत गेला तरी हप्ता वाढू नये म्हणून आप्पांनी विम्याची रक्कम कित्येक वर्षं तीच ठेवली होती. अशा वेळी विम्याची रक्कम आणि मालाची किंमत यांचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात भरपाई मिळते. आप्पांना वाटलं फसवलं. मी त्यांना माझ्या वहीतून समजावलं. अर्ध्या मालाचा विमा उतरवलाच नव्हता, म्हणजे त्या अर्ध्या मालाची विमा कंपनी आपणच होतो. सरासरीची ही अट मी पॉलिसीच्या कागदात वाचली. पण नुकसान भरपाईचं तत्त्व (विमा नुकसान भरून काढण्यापुरता, नफ्यासाठी नाही) डोक्यात पक्कं होतं म्हणून ती वाचल्यावर कळली. पाठांतरानं व्याख्या लिहिता आली असती, तो कागद वाचता आला नसता.

आमच्या बॅचची बोर्डाची परीक्षा रद्दच झाली. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या वर्षभराचे ४० टक्के असा निकाल लागला. पेपरासाठी पाठ केलेलं पेपरात लिहायची वेळच आली नाही. ओसीचा २० गुणांचा प्रकल्प मात्र मी आमच्याच क्लेमवर केला होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रकल्प फिरवून लिहिला. त्यांनाही गुण मिळाले, ते मी नाकारत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सारांश पाठ वाचायच्या आधी वाचू देऊ नका, सगळं समजलं असं वाटतं आणि मूळ मजकूर राहून जातो. आठवड्यानं पुस्तक मिटून सारांशातल्या एकेका मुद्द्यावर तिला बोलायला लावा. ‘विसंगत शब्द शोधा’ सोपा वाटतो, पण का विसंगत हे तिनं तोंडी सांगितलंच पाहिजे. फरकाचे प्रश्न १२ गुणांचे आहेत, त्याचे तक्ते तिनं स्वतः करावेत, छापील तक्ते घेऊ नयेत. पुस्तकात सुरुवातीला दिलेली क्षमता विधानं (शिकून काय जमायला हवं त्याची यादी) विद्यार्थ्यांनी नाही वाचली तरी चालतील. क्यूआर कोड वेळ उरला तर. आणि फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द करून पाठ करायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तो माणूस फ्रान्समध्ये खाणी चालवणारा इंजिनिअर होता, आयुष्यभर कंपनी चालवून १९१६ मध्ये त्यानं ती तत्त्वं छापली. एकेका तत्त्वाला तुमच्या ओळखीच्या दुकानातला, कारखान्यातला, बँकेतला एक प्रसंग जोडा. चौदा प्रसंग झाले की तत्त्वं आपोआप लक्षात राहतात.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. हे सगळं ओसीपुरतं. अकाउंट्सला उदाहरणं सोडवण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. वेळ अगदीच कमी असेल, म्हणजे परीक्षा महिन्यावर आली असेल, तर सरांच्या नोट्स धराव्यात, मी हट्ट करणार नाही. आणि कायद्याचे आकडे नेहमी पडताळून घ्यावेत. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे किती रकमेपर्यंतची तक्रार नेता येते याची मर्यादा १ कोटी होती, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आली. पेपरात मात्र पुस्तकात असेल तेच लिहावं. विम्यातही बदल झालाय. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली, तिच्यात विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी भरपाई कापत नाहीत. आमच्यासारखी निम्मी असेल तर कापतातच.

तुमच्या घरी दुकान, गोठा, वर्कशॉप काहीही असेल तर आज तिला त्याची पॉलिसी कपाटातून काढून द्या आणि चौथा पाठ शेजारी उघडून बसवा. यापेक्षा चांगली कृती कुठल्या चौकटीत मिळणार नाही.

आमच्या दुकानाचा विमा आता दरवर्षी मीच बघते, दिवाळीचा माल भरला की रक्कम वाढवून घेते. दादा अजून म्हणतो की माल हलवला नसता तरी तेवढेच पैसे मिळाले असते. दादा, तू हे वाचत असशील तर ती ११ पोती आपण त्याच दिवाळीत विकली, आणि बिलं तू स्वतः फाडली होतीस.