घरच्या घरी १९७८ची प्रीमियर पद्मिनी उभी करायची आहे. बॉडी, इंजिन, सीट यांपैकी आधी काय घेऊ आणि खर्च किती येईल?

आधी बॉडी, आणि तीही खालून: गाडीतली मॅट उचलून खालचा पत्रा बघा. 'इंजिन सुरू करा, पत्र्याचं नंतर बघू' असं सांगणारे दहा जण भेटतील, त्यांचं ऐकू नका. आमच्या घरात याच एका वाक्यावरून बारा वर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची पद्मिनी १९८१ची, वडिलांची. ते गेल्यावर नाशिकला गंगापूर रोडच्या घरी शेडमध्ये सात वर्षं उभी होती. पुतणीची पाठवणी याच गाडीतून करायची म्हणून दादाने ती एका गॅरेजला दिली. मी म्हणत होतो, आधी खालून उघडून बघू. दादा म्हणाला, "खालून कोण बघतंय? इंजिन चालतंय, रंग मारला की झालं." मी धाकटा, गप्प बसलो. गाडी सुरेख दिसली, आई बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होती. दोन पावसाळ्यांनी दारांखाली रंगाला फुगे आले. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. आत नुसती लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आणि गंजाचा भुगा. दाराखालच्या पोकळ पेटीला पाणी जायला भोकं असतात, तीसुद्धा लांबीने बुजवली होती. विंडस्क्रीनचं रबर तडकलं की पाणी डॅशबोर्डमागून उतरतं, मॅटखालच्या नमद्यात (जाड फेल्टमध्ये) मुरतं आणि तिथून या पेटीत येतं. बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.

पद्मिनीला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखाली सुटा सांगाडा नाही, हे दादाला आजही पटत नाही. फ्लोअर, दाराखालच्या पेट्या आणि खांब हीच तिची हाडं. ती कुजली तर बाकीच्या चकाकीला अर्थ नाही.

मी डाव्या बाजूची पेटी कापली तेव्हा फक्त जॅकवर विसंबलो. सकाळी दार लागेना, बॉडी मधोमध बसली होती. दोन दिवस जॅकने सूतसूत उचलून दाराची फट परत जुळवली, मग दोन्ही खांबांमध्ये चौकोनी पाइप आडवा वेल्ड केला. तुम्ही तो पाइप कापण्याआधी लावा. एका वेळी एकच बाजू कापा आणि तुकडा जोडताना दर थोड्या वेळाने दार लावून बघा. नवा तुकडा सातपूरच्या एका फॅब्रिकेटरने २० गेज जाडीच्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून वाकवून दिला. सीओटू (मिग) वेल्डिंग टाका-टाका करत घ्या, सलग ओढलं तर पत्रा तापून लाटा येतात. आतून झिंक प्रायमर, वरून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण), आणि भोकं मोकळी. रंगवलेल्या गाडीवर लांबी कुठे आहे ते फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की कळतं, लांबीवर ते चिकटत नाही.

इंजिन त्या मानाने सरळ आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर. उभ्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हाताने फिरवा. बोअरिंग (सिलिंडर आतून कातणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून घेणं) घरी होत नाही, त्याला सातपूर-अंबडच्या मशीन शॉपला जावं लागतं. ब्लॉक मात्र आपलाच ठेवा, त्याचा नंबर आरसीवर असतो. सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालायची तयारी ठेवा. सीटचं काम शेवटी घ्या. जुनी कव्हरं फेकू नका, रेक्झिन कापायला तोच नमुना.

खर्चाचा आकडा मॅट उचलेपर्यंत मी सांगणार नाही, आणि न बघता जो सांगेल त्याला गाडी देऊ नका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू देऊ नका. टाकीला स्वतः वेल्डिंग करू नका. ब्रेक पहिल्यांदाच उघडत असाल तर जाणता माणूस शेजारी हवा. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर पाइप लवकर खराब होतात, सगळे बदला. पत्रा कापण्याआधी चेसिस नंबरची छाप घेऊन ठेवा. आरसी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी वाढवावी लागते, ती संपली असेल तर आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून या. २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, म्हणजे तुमची २०२८मध्ये होईल. पण त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. वणीला, त्र्यंबकला जायचं असेल तर साधीच नोंदणी ठेवा.

दादा अजून गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतो की मी पत्र्यावर दोन वर्षं वाया घालवली. २०१९ला काम संपलं, तेव्हापासून सगळे पावसाळे त्या पेट्यांनी काढले आणि फुगा एकही नाही. दरवर्षी मी मॅट उचलून त्याला दाखवतो, तो खाली वाकून बघत नाही.

तुम्ही ड्रायव्हरच्या पायाखालच्या कोपऱ्याचा फोटो टाका, नमदा काढून. ते बघून पुढचं सांगतो.