वहीतली तीच तीन वाक्यं

"ताई, दीड महिना झाला लिहितेय. काही फरक नाही. उलट लिहून झालं की रडू येतं." बाईंनी पिशवीतून मुलाची अर्धी वापरलेली शंभर पानी वही काढली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

चोपडा तालुक्यातलं केळीवाल्यांचं घर. कापणीला पंधरा दिवस उरले होते आणि मे महिन्यातल्या वादळात घडांनी लगडलेली बाग आडवी झाली. मग मोबाइलवर कुणीतरी पाठवलं, रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा.

मी वही उघडली. घर आहे. मुलं आहेत. तब्येत बरी आहे. पुढच्या पानावर तेच. विसाव्या पानावर अक्षर तिरपं झालेलं, मजकूर तोच.

"मीच कृतघ्न आहे का?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी आधी झोप आणि भूक विचारते. दोन-दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. यांची झोप ठीक होती.

"लिहिताना कोण आठवतं?"

"नणंद," त्या पटकन म्हणाल्या. "म्हणते, वहिनी, डोक्यावर छप्पर तर आहे ना!"

म्हणजे रोज रात्री त्या वहीत नणंदेला उत्तर देत होत्या. असल्या कृतज्ञतेचा मला राग येतो, खरं सांगते.

मी सांगितलं, आधी काय गेलं ते लिहा, रुपयांसकट. मग दिवसातली एकच बरी गोष्ट, पण ती कुणामुळे, कशी घडली हेही लिहायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या प्रयोगात लोक आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे लिहीत. त्यांची उदासी कमी झाली आणि हा फरक सहा महिन्यांनीही दिसला. फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमका तो 'का' गळालेला असतो.

पुढच्या वेळी वहीत नुकसानीची चार पानं होती. त्याखाली आजची नाही, वादळाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाई बांधावर बसून होत्या. कामावरच्या मावशी शेजारी टेकल्या, फडक्यातली कळण्याची भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला. "दोन घास खाई ले माय." मावशींची त्या दिवसाची मजुरीही बुडाली होती.

"त्यांना कधी बोललात हे?"

"नाही. कामावरच्या बाईला काय सांगायचं, असं वाटलं."

महिन्याभराने आल्या तेव्हा वहीत काही रात्री कोऱ्या होत्या. विम्याचे पैसे आले नाहीत, हे दोनदा लिहिलेलं. मध्येच एका पानावर नणंदेने पोरांची फी भरली, असंही होतं.

"मावशींकडे जाऊन आले," त्या हसत म्हणाल्या. "त्यांना ती भाकरी आठवतच नव्हती. उलट मलाच विचारलं, ठेचा फार तिखट होता का?"