राजपुत्र भ्रष्ट झाला की नासला?

इंदुरातल्या रामबागेतला एक मुलगा कॉलेजात शिकतो, व्हिडिओ गेमवर मराठीतून लिहितो आणि शब्दाला अडला की मला विचारतो. या वेळचा त्याचा प्रश्न असा: "काका, निम्म्या गेममध्ये 'करप्शन' असतं. आधी माणसाचं मन बिघडतं, मग शरीर, कधी अख्खी जमीनच. मी लिहिलं, 'राजपुत्राला भ्रष्टाचाराने ग्रासलं'. आजोबांनी वाचलं आणि विचारलं, किती खाल्ले त्याने? मग लिहू तरी काय? ते पसरतं तेव्हा काय म्हणू? आणि माझ्या शेवटच्या ओळीत 'करप्टेड तलवार' आहे, तिचं काय?"

आजोबांचं काही चुकलेलं नाही. 'भ्रष्टाचार' म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतं टेबल, आणि टेबलाखालून सरकणारं पाकीट. शब्दाची फोड केली तर त्यात पैशाचा संबंध कुठेच नाही. 'भ्रंश्' हा धातू पडण्याचा, ढळण्याचा. स्थानभ्रष्ट म्हणजे जागेवरून सुटलेला, योगभ्रष्ट म्हणजे वाटेवरून ढळलेला. गीतेतल्या योगभ्रष्टाला तर पुढचा जन्म चांगल्या, श्रीमंत घरात मिळतो, म्हणजे पडणं इतकं काही भयंकर नाही. स्मृतिभ्रंशातही आठवण निसटते, कुजत नाही. मला वाटतं, 'भ्रष्ट' या शब्दाला उंची आहे, पण वास नाही. गेममधल्या करप्शनला तर वास हवाच. काळा चिकट द्रव, फुगलेल्या शिरा, जांभळं पडलेलं गवत, हे सगळं 'भ्रष्ट'मध्ये मावत नाही.

(जाता जाता: भाषेतल्या 'पडलेल्या' रूपांना पतंजलीच्या महाभाष्यात अपभ्रंश म्हटलं आहे. एका 'गो' शब्दाची गावी, गोणी, गोता अशी कितीतरी रूपं तिथे दिली आहेत. पुण्याहून येणारे पाहुणे आमच्या इंदुरी मराठीला हसतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की पडलो आपण सगळेच, आम्ही नर्मदेच्या अलीकडे पडलो इतकंच.)

इंग्रजी 'करप्शन'चं मूळ लॅटिन आहे, आणि त्या मुळात तोडण्या-फोडण्याचा धातू आहे. म्हणजे संस्कृतात पडलं आणि लॅटिनमध्ये फुटलं. मराठीत काय होतं, याचं उत्तर मला गॅसवर सापडलं. उन्हाळ्यात एका सकाळी दूध तापवायला ठेवलं आणि ते गेलं. मी म्हणालो, "दूध फाटलं." सांगलीहून आलेल्या मेव्हणीने लगेच दुरुस्त केलं, "नासलं म्हणा." इंदुरात बरेच जण 'फाटलं' म्हणतात, हिंदीच्या शेजारामुळे. गंमत म्हणजे लॅटिनच्या जास्त जवळचे आम्हीच ठरतो. पण मेव्हणीचं खरं होतं. मिठाईवाला छेन्यासाठी दूध मुद्दाम फाडतो, त्या दुधाला नासलेलं कोणी म्हणत नाही. नासणं कुणाला नको असताना होतं, आणि झाल्यावर परत फिरत नाही.

तर माझं उत्तर 'नासणे' हे आहे. दूध नासतं, आंबा नासतो, रक्त नासतं, आणि कुळातला एखादा मुलगाही नासतो. शरीर आणि चारित्र्य या दोन्हींना एकच क्रियापद लागतं आणि ऐकणाऱ्याला त्यात काही अलंकारिक वाटत नाही. मूळ धातू 'नश्', म्हणजे 'नाश'चाच हा भाऊ. पण नाश एका क्षणात होतो, बाँब पडला की झाला. नासायला वेळ लागतो. आधी नुसता रंग बदलतो, मग वास येतो, मग हात लावला की बोट आत जातं. करप्शनची गोष्ट गेममध्ये सांगतात ती अशीच, पायरीपायरीने.

तुझ्या राजपुत्राचंच बघू. २००२ सालच्या 'वॉरक्राफ्ट ३' या गेममधला आर्थस. सुरुवात राजपुत्रापासून होत नाही, धान्यापासून होते. अँडोरहाल गावातून रोगट धान्य राज्यात वाटलं जातं, ते खाणारी माणसं मरतात आणि मेल्यावर उठून चालू लागतात. आर्थस स्ट्रॅथोम शहरात पोचतो तोवर तिथे धान्य वाटून झालेलं असतं. लोक अजून माणसंच आहेत, पण आज ना उद्या बदलणार. हा म्हणतो, सगळ्यांना आत्ताच मारा. त्याचा गुरू उथर नकार देतो, त्याची मैत्रीण जेना पाठ फिरवून निघून जाते, आणि आर्थस स्वतः शहर कापून काढतो. पुढे उत्तरेच्या बर्फात त्याला फ्रॉस्टमोर्न ही तलवार मिळते. ती घेऊन तो घरी परततो आणि भर दरबारात बापाला मारतो. तोवर केस पांढरे झालेले, चेहरा प्रेतासारखा.

आता मराठीत लिहून बघ: धान्य नासलं, ते खाऊन माणसं नासली, आणि त्यांना संपवता संपवता राजपुत्र नासला. तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद, आणि वाचणाऱ्याला कुठेही ठेच लागत नाही. इंग्रजीला यासाठी मोठं भाववाचक नाम वापरावं लागतं. मराठीत नाम शोधायला गेलास म्हणूनच तू अडलास. 'त्याला करप्शनने ग्रासलं' या वाक्यात करप्शन हा कर्ता होतो आणि बिचारा राजपुत्र कर्म. 'राजपुत्र नासला' म्हटलं की जबाबदारी त्याच्या पदरात पडते. स्ट्रॅथोममध्ये तलवार अजून हातात आलेली नव्हती, हे विसरू नकोस.

तलवार आल्यानंतरचं क्रियापद मात्र वेगळं घ्यावं लागेल. तलवार त्याचा आत्मा ओढून घेते, त्याच्या कानात कुजबुजते. हे नासणं नव्हे, झपाटणं आहे. मराठीत हे दोन कप्पे स्पष्ट आहेत: नासणं आतून, झपाटणं बाहेरून. आर्थस आधी नासला म्हणून नंतर झपाटला गेला, असं मी लिहीन. इंग्रजीत दोन्हींना करप्शनच म्हणतात, आणि खेळणारे तासन्‌तास वाद घालतात की दोष त्याचा की तलवारीचा.

पसरण्याबद्दल तू विचारलं आहेस. 'टेरारिया' (२०११) या गेममध्ये तर एका प्रदेशाचं नावच करप्शन आहे. तो शेजारच्या हिरव्या गवतावर चढतो, आणि गेमच्या कठीण टप्प्यात दगडावर, वाळूवरही. आपलं घर वाचवायला खेळणारे भोवती रुंद चर खणतात, सूर्यफुलं लावतात. किती टक्के जग बिघडलं ते सांगणारी एक वनदेवीही आहे. यावर आपल्याकडे टीप लिहायची गरजच नाही. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चर खणणं म्हणजे तो आंबा वेळेवर उचलून बाजूला ठेवणं. प्रदेशाचं नाव म्हणून 'नास' सुचलं होतं, पण 'नास ओढणे'मुळे तपकिरीची डबी आठवते. 'नासकी भूमी' चालेल.

पापाची खूण अंगावर दिसणं हा वेगळा प्रकार, आणि मला जास्त आवडणारा. 'फेबल' (२००४) मध्ये वाईट वागत गेलं की नायकाच्या डोक्याला शिंगं येतात, चांगलं वागलं तर डोक्याभोवती प्रभावळ. 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (२००५) सोळा महाकाय प्राणी मारायचे असतात. एकेक मारत जाताना नायकाचा चेहरा पांढुरका पडतो, केस काळवंडतात, आणि शेवटी शिंगं तिथेही आहेतच. आपल्या आयाबायांकडे यासाठी तयार वाक्प्रचार आहे: "लोकांचं खाल्लेलं अंगातून फुटून निघेल!" आणि शिंगं फुटणं तर मराठीत आधीपासूनच आहे, फक्त ती आपल्याकडे कॉलेजात गेल्यावर फुटतात.

दोन शब्दांपासून मात्र लांब राहा. 'बाटणे' आणि 'विटाळ'. अर्थाने दोन्ही अगदी जवळचे, संसर्गही आहे, शरीरही आहे, म्हणून मोह होतो. पण हे शब्द माणसांनी माणसांवर वापरले आहेत, जातीवरून आणि बायकांच्या पाळीवरून. सोयराबाईने चौदाव्या शतकात विचारून ठेवलं आहे की देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला? राक्षसी चिखलाला विटाळ म्हटलंस तर ते सगळं ओझं त्या वाक्यावर येतं. 'नासवणे'ही पूर्वी बाईबद्दल वाईट अर्थाने वापरत, हेही ध्यानात असू दे. स्त्री पात्राबद्दल लिहिताना 'नासली' दोनदा तपासून लिही.

उरलेलं पटकन. पाण्याला आणि रक्ताला 'दूषित' बसतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहून कान्ह नदीचं पाणी बघितलंस तर हाच शब्द तोंडात येईल. २००५ च्या सप्टेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये हक्कार या राक्षसाचा शाप पाळीव प्राण्यांमार्फत त्याच्या अड्ड्याबाहेर शहरांत पसरला आणि पुढे साथरोगाच्या अभ्यासकांनीही त्या प्रकाराकडे लक्ष दिलं. त्या शापाला 'दूषित रक्त' म्हण. पण 'दूषण' नको, मराठीत दूषणं फक्त देतात. 'डार्क सोल्स' या गेममधल्या 'हॉलो'ला, म्हणजे मरून मरून भान गमावलेल्या माणसाला, 'पोकळ' लिहिलं होतंस, ते 'पोखरलेला' कर. पोकळ भोपळाही असतो, पोखरायला मात्र वाळवी लागते. आणि सेव्ह केलेली फाईल करप्ट झाली तर ती करप्टच झाली. तिथे मराठी शोधत बसलास तर मित्र म्हणतील, भिया, आधी बॅकअप घे.

आता तुझी शेवटची ओळ, 'करप्टेड तलवार'. 'नासकी तलवार' लिहून बघितलं आणि मलाच हसू आलं. मंडईत संध्याकाळी स्वस्तात विकायला काढल्यासारखी वाटते. नासायला मुळात जीव लागतो किंवा निदान रस लागतो, लोखंडाला तो नाही. लोखंड गंजतं, आणि गंजलेल्या तलवारीला कोणी भीत नाही. तिला 'झपाटलेली' म्हण. झपाटायला झाडही चालतं, वाडाही चालतो.