युरो बीच सॉकर लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या वाळूवरच्या फुटबॉलच्या लीगमध्ये, जिंकलेल्या संघाला कधी ३, कधी २, तर कधी १च गुण का मिळतो?

कारण या खेळात सामना बरोबरीत संपतच नाही. १२ मिनिटांचे तीन भाग होतात. त्यात जिंकलात तर ३ गुण. बरोबरी झाली तर ३ मिनिटं जादा वेळ, त्यात जिंकलात तर २. तरीही बरोबरीच राहिली आणि पेनल्टीवर जिंकलात तर १, आणि हरणाऱ्याला काहीच नाही. त्यामुळे सारखेच सामने जिंकलेले दोन संघही तक्त्यात वर-खाली दिसतात. १९९८पासून चालणाऱ्या या लीगमध्ये उन्हाळाभर वेगवेगळ्या देशांत स्पर्धेचे टप्पे होतात आणि शेवटी विजेता ठरवणारी सुपरफायनल.

पण गुणांपेक्षा खेळ बघा, खरंच! पाच-पाच खेळाडू, अनवाणी. आम्ही पुण्याची पोरं टर्फवर खेळलेली. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पास दिला तर चेंडू चार हातांवर रुतून बसला. तिथे चेंडू पायाच्या बोटांनी अलगद उचलून हवेतच खेळवावा लागतो. म्हणून तर इतक्या सायकल किक (हवेत उलटं होऊन डोक्यावरून मारलेली किक) दिसतात. शिवाय फ्री किकला समोर खेळाडूंची भिंत लावायची नाही, त्यामुळे गोल धडाधड होतात. पोर्तुगालचे सामने आधी बघा.